बुद्धिबळ शिकावे कोणत्या क्रमाने? एका जुन्या वादाचा आढावा

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डी. गुकेशने डिंग लिरेनला हरवले आणि वयाच्या अठराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीवर मात करून महिलांचा विश्वचषक जिंकला. असे यश मिळाले की पालक आणि हौशी खेळाडू पुन्हा तोच प्रश्न विचारू लागतात : हा खेळ नीट शिकायचा तर सुरुवात कुठून करायची? मोहऱ्यांच्या चाली तासा-दोन तासांत समजतात. त्यानंतर मात्र ओपनिंग पाठ करायची, कोडी सोडवायची, अंतपर्व शिकायचे की नुसते खेळत सुटायचे, यावर दोन जाणत्यांचेही एकमत होत नाही.

गेल्या शंभर वर्षांत थोर खेळाडूंनी या प्रश्नाची उत्तरे ग्रंथांतून दिली, मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि संगणकाने प्रश्नाचे स्वरूपच बदलून टाकले. ही उत्तरे कुठे जुळतात, कुठे फाटतात आणि नेमके काय अजून तपासले गेलेले नाही, याची नोंद या लेखात घेतली आहे.

पार्श्वभूमी

युरोपीय नियम रुळण्यापूर्वी आपल्याकडे देशी पद्धतीचा डाव चाले. प्रांतोप्रांती नियमांत थोडाफार फरक असे. पण प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई, ही वैशिष्ट्ये बऱ्याच ठिकाणी समान होती. असा डाव सावकाश उलगडतो. तो शिकण्याची रीतही घरगुती होती : वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून पाहायचे, हरायचे, पुन्हा मांडायचे.

लिखित शिक्षणाचा एक जुना आणि मोलाचा दाखला मुंबईतला आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत प्रसिद्ध झाले. ते मूळ संस्कृतावरून आणलेले आणि युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेले होते. शिकणाऱ्याने सोडवून पाहायच्या निवडक स्थिती हा त्यातला मुख्य ऐवज. नियमांचे पाल्हाळ न लावता समोर स्थिती ठेवायची आणि मार्ग शोधायला लावायचा, ही आज सर्वत्र दिसणारी रीत दोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत छापील रूपात होती.

युरोपात फिलिडोरने १७४९ मध्ये प्याद्यांच्या रचनेला खेळाचा गाभा मानून ग्रंथ लिहिला. तत्त्वे शिकवून खेळाडू घडवता येतो, ही धारणा तिथून बळावली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एमॅन्युएल लास्कर, कापाब्लांका, टाराश आणि निम्झोविच यांनी शिकवण्याच्या पद्धतींवर जे लिहिले, त्यावर आजचे वर्ग उभे आहेत. पुढे सोव्हिएत संघाने पायोनियर पॅलेस आणि प्रशिक्षकांच्या जाळ्यातून शिक्षण संस्थात्मक केले. आपल्याकडे हे काम मुख्यतः मंडळांनी केले. सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ आणि त्यामागचे भाऊसाहेब पडसलगीकर यांचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते.

शेवट आधी की सुरुवात आधी?

वादाचा पहिला मुद्दा क्रमाचा. १९२१ मध्ये जगज्जेता झालेल्या कापाब्लांकाचे त्याच वर्षी आलेले ‘चेस फंडामेंटल्स’ हे पुस्तक अंतपर्वाला अग्रक्रम देते. त्याचा युक्तिवाद सरळ होता. पटावर मोहरी कमी असली की प्रत्येकाची ताकद स्वच्छ दिसते. शेवट कुठे न्यायचा हे कळल्याशिवाय मधल्या चालींना दिशा मिळत नाही. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या टाराशनेही आपल्या १९३१ च्या पाठ्यपुस्तकात अंतपर्व आधी, मध्यपर्व नंतर आणि ओपनिंग शेवटी असाच क्रम लावला.

या मताचे बळ एका छोट्या उदाहरणात दिसते. पांढऱ्याचा राजा ई६ वर आणि प्यादे ई५ वर आहे, काळ्याचा एकटा राजा ई८ वर आहे. चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. समजा चाल पांढऱ्याची आहे. राजा डी६, काळा राजा डी८, प्यादे ई६, काळा राजा ई८, प्यादे ई७. हे प्यादे शह न देता सातव्या ओळीत पोहोचले. काळ्या राजाला एफ७ शिवाय घर नाही. मग पांढरा राजा डी७ वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. आता राजा आणि प्यादे यांच्या जागांची अदलाबदल करा : प्यादे ई६ वर, राजा ई५ वर. मोहरी तीच, तरीही काळा अचूक खेळला तर डाव बरोबरीत सुटतो. राजा डी६, काळा राजा डी८. प्यादे ई७ शह, काळा राजा ई८. आता ई७ चे प्यादे राखायचे तर पांढऱ्या राजाने ई६ वरच यायला हवे, आणि तो तिथे आला की काळ्याला चालच उरत नाही, कोंडी होऊन बरोबरी. राजाने प्याद्याच्या पुढे चालावे, हे तत्त्व या दोन स्थिती मांडून पाहणाऱ्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेप व्यवहारातला आहे. नवशिक्याचा डाव अंतपर्वापर्यंत पोहोचतच नाही. पंधराव्या चालीलाच त्याचा वजीर जातो. जे दर डावात समोर येते ते आधी शिकवा, असे हा पक्ष म्हणतो : मोहरी बाहेर काढा, मध्यावर ताबा ठेवा, किल्लेकोट करून राजाला सुरक्षित करा. यातले जाणते लोकही पाठांतराचा आग्रह धरत नाहीत; ओपनिंगमागचे हेतू समजावेत, एवढेच त्यांचे म्हणणे असते.

मीर सुलतान खानचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. पंजाबात देशी पद्धतीवर वाढलेला हा खेळाडू १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकालाही हरवले. ओपनिंगचे पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे जवळजवळ नव्हते. त्यामुळे एक पक्ष म्हणतो की मध्यपर्व आणि अंतपर्वाची समज असली की ओपनिंगवाचून अडत नाही. दुसरा म्हणतो की ओपनिंगच्या उणिवेपायी त्याला कित्येकदा वाईट स्थितीतून डाव सावरावा लागला, आणि आजच्या तयारीच्या युगात ते निभावले नसते. एका असामान्य माणसावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य करायला हवे.

अलीकडे मध्यम मार्गही रुळला आहे. जेरेमी सिल्मन या अमेरिकी लेखकाने २००७ मध्ये अंतपर्वाचे पुस्तक रेटिंगनुसार विभागले : नवशिक्याने एवढेच शिकावे, पुढचे पुढच्या टप्प्यावर. नेदरलँड्समध्ये ब्रुनिया आणि व्हॅन वाइगर्डेन यांनी १९८७ पासून पायऱ्यापायऱ्यांची पद्धत आणली. त्यात पूर्ण डावाआधी थोड्या मोहऱ्यांचे छोटे खेळ असतात आणि प्रत्येक पायरीला सरावाची वही असते. या मंडळींनी ‘आधी काय’ हा प्रश्न ‘कोणत्या टप्प्यावर किती’ असा बदलून घेतला आहे.

डावपेच की तत्त्वे?

दुसरा मुद्दा आशयाचा. दुहेरी हल्ला, मोहरे जखडणे, उघडा शह, दोन-तीन चालींतली मात, हे डावपेच रोज सोडवावेत असे बहुतेक प्रशिक्षक सांगतात. हौशी पातळीवरचे डाव प्रामुख्याने ढोबळ चुकांवर ठरतात, हा या सल्ल्याचा आधार. २०१८ च्या ‘द वुडपेकर मेथड’ या पुस्तकात ॲक्सेल स्मिथ आणि हान्स टिक्कानेन यांनी एक पाऊल पुढे टाकले : तीच कोडी पुन्हापुन्हा, दर वेळी कमी वेळात सोडवा, म्हणजे ओळख अंगवळणी पडेल.

आक्षेप असा की कोड्याच्या डोक्यावर ‘पांढरा खेळून जिंकतो’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्ष डावात अशी सूचना कोणी देत नाही. काही मिळण्यासारखे आहे का, हे ओळखणे हीच तिथली निम्मी कसोटी. शिवाय जिथे डावपेच नाहीत तिथे काय करायचे, हे कोडी शिकवत नाहीत.

तिथे तत्त्वांचा पक्ष पुढे येतो. निम्झोविचच्या ‘माय सिस्टिम’ने १९२५ च्या सुमारास मोकळ्या पट्ट्या, सातवी ओळ, पुढे सुटलेल्या प्याद्याची अडवणूक अशा कल्पनांची शिस्तबद्ध मांडणी केली आणि पिढ्यान् पिढ्या त्यावर पोसल्या. १९९८ मध्ये जॉन वॉटसन यांनी दाखवले की आधुनिक ग्रँडमास्टर ही तत्त्वे सर्रास मोडतात. ते नियमापेक्षा समोरच्या स्थितीचा ठोस हिशेब मानतात. नेदरलँड्सचे प्रशिक्षक विली हेंड्रिक्स २०१२ मध्ये आणखी पुढे गेले. आधी स्थितीचे मूल्यमापन, मग योजना, मग चाल, हा पुस्तकी क्रम प्रत्यक्षात कोणी पाळत नाही. चाल आधी सुचते आणि समर्थन मागून येते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून चांगल्या चालींची उदाहरणे भरपूर पाहणे हेच खरे शिक्षण, असे ते मानतात.

तत्त्ववाद्यांचे उत्तरही दुर्लक्षिण्यासारखे नाही. नियम मोडणाऱ्या ग्रँडमास्टरने तो नियम आधी पचवलेला असतो. नवशिक्याला हजार उदाहरणांतून आपोआप अर्थ काढायला सांगण्यापेक्षा एक ढोबळ नियम हाती देणे त्याच्यावर कमी ओझे टाकते.

मानसशास्त्राने काय दाखवले

या वादात प्रयोगाचा पुरावा आणणारी परंपरा जुनी आहे. आल्फ्रेड बिने यांनी १८९४ मध्येच पट न पाहता खेळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. निर्णायक काम ॲड्रियान डी ग्रूट यांचे. ते स्वतः ऑलिंपियाडमध्ये नेदरलँड्सकडून खेळलेले. १९४६ च्या प्रबंधासाठी त्यांनी खेळाडूंना एक स्थिती देऊन मोठ्याने विचार करायला लावले. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा खूप जास्त चाली पुढे पाहत असतील, ही अपेक्षा फोल ठरली. शोधाची खोली फारशी वेगळी नव्हती. अव्वल खेळाडू चांगल्या चाली आधीच विचारात घेत होते, एवढाच मोठा फरक.

१९७३ मध्ये चेस आणि सायमन यांनी हे सूत्र पुढे नेले. खऱ्या डावातली सुमारे पंचवीस मोहऱ्यांची स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली. मास्टरने सुमारे सोळा मोहरी बरोबर मांडली, नवशिक्याने चार. तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली, तेव्हा मास्टरचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती सर्वसाधारणपणे तल्लख नसते. अर्थपूर्ण गट त्याला ओळखीचे असतात. १९९६ मध्ये गोबे आणि सायमन यांनी आधीचे प्रयोग एकत्र तपासून त्यात बारीक दुरुस्ती केली : विखुरलेल्या स्थितीतही मास्टरची थोडी आघाडी टिकते, कारण तिथेही चुकूनमाकून ओळखीचे तुकडे सापडतात.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. ओळखीच्या आकृत्यांचा साठा वाढवल्याशिवाय प्रगती नाही, एवढे यातून दिसते. मात्र तो साठा कोड्यांतून वाढवावा, संपूर्ण डावांतून की अंतपर्वातून, हे हे प्रयोग सांगत नाहीत. दोन्ही पक्ष त्यांचा आधार घेतात तो याच मोकळ्या जागेमुळे.

सराव आणि उपजत देणगी

एमॅन्युएल लास्कर सत्तावीस वर्षे जगज्जेता होता. आपल्या ग्रंथाच्या अखेरीस त्याने विशेष देणगी नसलेल्या तरुणासाठी २०० तासांचा आराखडा दिला : नियमांना ५ तास, प्राथमिक अंतपर्वाला ५, काही ओपनिंगना १०, डावपेचांना २०, स्थितीच्या खेळाला ४० आणि उरलेले १२० तास प्रत्यक्ष खेळ व त्याचे विश्लेषण. एवढ्यात माणूस भक्कम खेळाडू होतो, असा त्याचा विश्वास होता. ओपनिंगला १० तास आणि आपल्या डावांच्या चिकित्सेसह खेळाला १२०, हे प्रमाण आजच्या कोणत्याही अभ्यासक्रमाशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

लास्कर चांगला खेळाडू घडवण्याबद्दल बोलत होता, अव्वल नव्हे. अव्वल खेळाडू केवळ शिक्षणाने घडतो, हा दावा हंगेरीच्या लास्लो पोल्गार यांनी केला आणि तीन मुलींच्या संगोपनातून तो सिद्ध करू पाहिला. धाकटी ज्युडिट १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि तिने बॉबी फिशरचा विक्रम मोडला. महाराष्ट्राला अशी एक घटना आधीच परिचित होती. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींपैकी वासंतीने १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली, आणि पुढची बहुतेक विजेतेपदे काही वर्षे याच घरात राहिली. एका घरातल्या तिन्ही मुली चमकतात, तेव्हा वातावरणाचे श्रेय नाकारता येत नाही. पण बहिणींमध्ये आनुवंशिकताही समान असते, म्हणून अशा उदाहरणांवरून दोन्ही कारणे वेगळी काढता येत नाहीत.

मोजमाप करणाऱ्या अभ्यासांचे चित्र संमिश्र आहे. अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ मध्ये हेतुपूर्वक सरावाचा सिद्धांत मांडला. त्याला धरून चारनेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की रेटिंगशी सर्वांत जवळचा संबंध एकट्याने केलेल्या गंभीर अभ्यासाचा असतो. २००७ मध्ये गोबे आणि कॅम्पिटेली यांनी अर्जेंटिनातील १०४ खेळाडू तपासले. मास्टर पातळी गाठायला सरासरी सुमारे ११,००० तास लागले. पण एकाला ३,०१६ तास पुरले आणि दुसऱ्याला २३,६०८ लागले. इतक्या अंतराचा उलगडा तासांच्या हिशेबाने होत नाही. त्यांच्या नमुन्यात इतरांसोबतच्या सरावाचा संबंध एकट्याच्या अभ्यासापेक्षा अधिक दिसला, हेही लक्षणीय. २०१४ च्या हॅम्ब्रिक आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणात कौशल्यातील फरकांचा साधारण एकतृतीयांश भाग सरावाने स्पष्ट झाला. उरलेल्या भागात सुरुवातीचे वय, बौद्धिक क्षमता, शिक्षकाचा दर्जा आणि संधी यांचा वाटा किती, यावर मतभेद कायम आहेत.

संगणक : गुरू की कुबडी?

१९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला हरवले. आज मोबाइलमधले मोफत इंजिनही जगज्जेत्याहून बलवान आहे. कोकणातल्या वा मराठवाड्यातल्या एखाद्या गावी जाणता शिक्षक नसला तरी मुलाला आपली चूक त्याच मिनिटाला कळू शकते, हा लाभ फार मोठा आहे.

भीती अशी की उत्तर आयते मिळाले की शोधण्याची सवय मोडते. गुकेशचे सुरुवातीचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी २५०० रेटिंगच्या आसपास पोहोचेपर्यंत त्याला इंजिनपासून दूर ठेवले. या प्रयोगाला मिळालेले यश पाहून अनेक जण त्याचा दाखला देतात. मात्र त्याच पिढीतले अनेक बलवान खेळाडू लहानपणापासून इंजिन वापरतच वाढले आहेत.

अल्फाझीरोने प्रश्न वेगळ्याच बाजूने मांडला. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या या प्रणालीला फक्त नियम दिले होते. स्वतःशी चार कोटींहून अधिक डाव खेळून ती तेव्हाच्या अव्वल इंजिनांच्या पुढे गेली. मानवी पुस्तकांशिवाय हा खेळ शिकता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण एवढे डाव कोणा माणसाच्या आयुष्यात मावत नाहीत. २०२२ मध्ये संशोधकांनी तिच्या शिक्षणाचे टप्पे तपासले, तेव्हा मोहऱ्यांची ढोबळ किंमत तिला लवकर उमगल्याचे आढळले. पहिल्या चालीबाबत मात्र माणसाची आणि तिची वाट उलटी होती : माणसांनी शतकानुशतके मोजक्या चालींपासून सुरुवात करून पर्याय वाढवत नेले, अल्फाझीरोने सर्व पर्यायांपासून सुरुवात करून ते कमी केले. पुढच्या एका प्रयोगात तिच्याकडून काढलेल्या नव्या कल्पना चार ग्रँडमास्टरांना उदाहरणांतून दाखवल्या, तेव्हा त्याच प्रकारच्या स्थिती त्यांनी आधीपेक्षा चांगल्या सोडवल्या. यंत्राचे ज्ञान माणसाला देता येते याची ही आश्वासक खूण आहे. चार जणांवरून नवशिक्यांसाठी निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

शाळेतले बुद्धिबळ

आर्मेनियाने २०११ पासून दुसरी ते चौथीसाठी बुद्धिबळ सक्तीचे केले. आपल्याकडेही ‘बुद्धिबळाने गणित सुधारते’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. साला आणि गोबे यांच्या २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात बेताचा लाभ दिसला. पण बहुतेक प्रयोगांत तुलनेच्या गटाला दुसरा कोणताही उपक्रम दिलेला नव्हता, त्यामुळे लाभ बुद्धिबळाचा की नव्या उपक्रमाच्या उत्साहाचा, हे ठरत नव्हते. त्याच वर्षी इंग्लंडमधील १०० शाळांच्या मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. मुलांना वर्षभरात सुमारे ३० तास शिकवले गेले; एका वर्षानंतर गणितात फरक आढळला नाही. समर्थकांच्या मते ३० तास अपुरे आहेत, आणि एकाग्रता, हार पचवणे, चालीआधी थांबणे हे लाभ गणिताच्या पेपरात उमटत नाहीत. ते लाभ मोजणारे भक्कम प्रयोग अजून थोडे आहेत.

अनिर्णित काय, मान्य काय

सर्वांत मोठी उणीव ही, की क्रमाचा वाद आजवर अधिकारवाणीवर चालला आहे. एका गटाला अंतपर्व आधी, दुसऱ्याला डावपेच आधी, तिसऱ्याला ओपनिंग आधी शिकवून वर्षा-दोन वर्षांनी तुलना केली, तरच त्याला ठोस उत्तर मिळेल. दुसरी उणीव प्रौढांबाबत. संशोधन मुलांवर आणि मास्टरांवर एकवटले आहे. चाळिशीत पट हाती घेणाऱ्यासाठी कोणती पद्धत योग्य, हे जवळजवळ अस्पर्श आहे. तिसरी, जलद डावांची. तीन-पाच मिनिटांचे डाव आकृत्यांची ओळख वाढवतात की उथळ सवयी लावतात, यावर मते पुष्कळ आहेत आणि पुरावा तुटपुंजा.

तरीही एका मुद्द्यावर परस्परविरोधी पक्ष एकत्र येतात, आणि तो मुद्दा ‘काय शिकावे’ यापेक्षा ‘कसे शिकावे’ याचा आहे. लास्करने खेळ आणि विश्लेषणाला १२० तास दिले. माजी जगज्जेता बोट्विनिकच्या प्रशालेत कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्रामनिक यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना आपल्या डावांवर टीपा लिहून त्या सर्वांसमोर मांडाव्या लागत. विष्णू प्रसन्न यांनी इंजिन लांबवले ते शिष्याने आधी स्वतः विचार करावा म्हणून. एकट्याच्या अभ्यासाचा पुरावा असो की इतरांसोबतच्या सरावाचा, दोन्हीतले फलदायी काम सारखेच आहे : उत्तर पाहण्यापूर्वी स्वतः निर्णय घेणे, आणि नंतर तो निर्णय कठोरपणे तपासणे.

क्रमाच्या प्रश्नावर प्रयोग व्हायला हवेत, आणि एवढे खेळाडू, मंडळे व वर्ग असलेल्या महाराष्ट्रात ते होऊ शकतात. तोवर शिकणाऱ्याने डाव लिहून ठेवावा, हरण्याचे कारण आधी स्वतः शोधावे आणि मगच जाणत्याला किंवा इंजिनला विचारावे. या सल्ल्याला या आढाव्यातील एकाही पक्षाचा विरोध नाही, आणि पट कोणत्याही वयात हाती घेतला तरी तो पहिल्या डावापासून पाळता येतो.